पीसीओएस आणि झाडपाला : पुरावा कशाला म्हणायचे?

गेल्या मे महिन्यात मालवणला बहिणीकडे गेले होते. रतांब्यांचे दिवस होते. अंगणात साली वाळत पडलेल्या, पडवीत आगळाच्या बरण्या भरून ठेवलेल्या. दुपारी जेवणे उरकल्यावर, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली माझी भाची एक प्लॅस्टिकची डबी घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. "मावशी, ह्यां घेऊ की नको, तां सांग."

डबीवर एका हसऱ्या मुलीचे चित्र होते. खाली लिहिले होते, 'पीसीओडीवर गुणकारी. शास्त्रीय संशोधनाने सिद्ध. संपूर्ण नैसर्गिक.' घटक होते सहा : कोकम, मेथी, दालचिनी, कोरफड, गुळवेल आणि दारुहळद. यांपैकी पहिल्या पाच तर ताईच्या स्वयंपाकघरात नाहीतर परसातच सापडतील. परीक्षेच्या सुमारास भाचीची पाळी लांबली, ५८ दिवस आली नाही. घरचे घाबरले, कुठेतरी सोनोग्राफी झाली, अहवालात 'पॉलिसिस्टिक' हा शब्द आला आणि चार दिवसांत कोणाच्या तरी शिफारशीने ही डबी घरात आली. ताईचे म्हणणे साधे होते : "झाडपाल्याचां औषध आसा, तेनां काय वायट होतलां?"

मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. पण 'संशोधनाने सिद्ध' हे शब्द आम्हा संशोधकांच्या कामातले आहेत, आणि ते कोणी वापरले की त्यांचा हिशेब मागण्याचा आम्हाला अधिकार आहे, किंबहुना ते आमचे कामच आहे. म्हणून परत आल्यावर या सहा वनस्पतींवरचे आणि त्यांच्या जोडीला नेहमी येणाऱ्या एकदोन इतर वनस्पतींवरचे शोधनिबंध काढून वाचले. वाचून जे मत झाले ते येथे मांडत आहे. हा प्रश्न आज माध्यमिक शाळेतील प्रत्येक बाईंपुढे कधी ना कधी येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

नावातच घोटाळा

आधी आजार कोणता ते पाहू. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थाल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. पाळी अनियमित किंवा बंद, काहींच्या अंगावर पुरुषांसारखी लव, आणि आकाराने मोठे झालेले बीजांडकोश अशी त्या स्त्रियांची लक्षणे होती. पुढे या लक्षणसमूहाला 'पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम' म्हणजे पीसीओएस हे नाव पडले. आपल्याकडे बोलण्यात 'पीसीओडी' रूढ आहे. 'सिस्ट' म्हणजे गाठ किंवा द्रवाची पिशवी. प्रत्यक्षात या पिशव्या म्हणजे वाढ अर्धवट थांबलेली बीजपुटके असतात. प्रत्येक पुटकात एक स्त्रीबीज असते. दर महिन्याला त्यांपैकी एक पूर्ण वाढून बीज बाहेर पडावे, ते होत नाही, आणि छोटी पुटके तशीच साठून राहतात. त्या गाठी नव्हेत, त्या 'विरघळवायच्या' नसतात. पण एकदा 'गाठी' म्हटले की त्या विरघळवणारे चूर्ण विकणे सोपे जाते.

यामागे पौरुष संप्रेरकांचे वाढलेले प्रमाण आणि बऱ्याच जणींमध्ये इन्सुलिनला शरीराने नीट दाद न देणे, अशा दोन गोष्टी एकमेकींना खतपाणी घालत असतात. रक्तातले जास्तीचे इन्सुलिन बीजांडकोशाला अधिक पौरुष संप्रेरके तयार करायला लावते. म्हणून हा आजार केवळ पाळीचा नाही. पुढील आयुष्यात मधुमेहाचा धोका वाढतो, आणि वर्षानुवर्षे पाळी न आल्यास गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचाही धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातील ८ ते १३ टक्के स्त्रियांमध्ये तो आढळतो.

मुंबईत परळला राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आहे. तेथील संशोधकांनी मुंबईतील १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी करून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका कसोटीप्रमाणे पीसीओएसचे प्रमाण २२.५ टक्के निघाले, दुसऱ्या कसोटीप्रमाणे १०.७ टक्के. मुली त्याच, तपासण्या त्याच, फक्त व्याख्या बदलली आणि रुग्णसंख्या निम्म्याहून कमी झाली. हा आकडा मी वर्गात जरूर सांगेन. पहिली कसोटी २००३ साली रॉटरडॅम येथे ठरलेली आहे : अनियमित पाळी, पौरुष संप्रेरकांची वाढ आणि सोनोग्राफीत दिसणारी अनेक पुटके, या तिन्हींपैकी कोणतीही दोन. दुसरीत पौरुष संप्रेरकांची वाढ असायलाच हवी.

आणि कोवळ्या वयात तर सोनोग्राफीचा आधारच घ्यायचा नसतो. २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पहिली पाळी आल्यापासून ८ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या बीजांडकोशांतही पुष्कळ पुटके दिसतात. पहिली पाळी आल्यानंतर एक ते तीन वर्षे या काळात दोन पाळ्यांत २१ ते ४५ दिवसांचे अंतर असणे नेहमीचेच समजले जाते. भाची १६ वर्षांची, पाळी सुरू झाली १४व्या वर्षी. म्हणजे डबी कितपत गुणकारी हा प्रश्न दूरच राहिला, ज्या आजारासाठी ती आणली तो तिला आहे की नाही हेच कोणी नीट ठरवलेले नव्हते.

उंदरांचा पीसीओएस

आता डबीवरच्या 'संशोधना'कडे वळू. वनस्पती आणि पीसीओएस या विषयावरचे निबंध चाळले तर त्यांतले पुष्कळसे उंदरांवरचे आहेत. उंदरांना हा आजार आपण होऊन होत नाही, तो घडवावा लागतो. त्यासाठी सर्रास वापरले जाणारे औषध म्हणजे लेट्रोझोल. पौरुष संप्रेरकाचे स्त्री-संप्रेरकात रूपांतर करणारे एक विकर शरीरात असते, लेट्रोझोल ते अडवते. मादी उंदराला ते रोज, साधारण २१ दिवस दिले की पौरुष संप्रेरके साठतात, तिचे चार-पाच दिवसांचे ऋतुचक्र थांबते आणि बीजांडकोशात पुटके साठतात. मग वनस्पतीचा अर्क देऊन सुधारणा मोजतात.

गंमत पाहा. हेच लेट्रोझोल पीसीओएस असलेल्या स्त्रीला मूल हवे असेल तर स्त्रीबीज बाहेर पडावे म्हणून दिले जाते! तेथे ते पाळीच्या सुरुवातीला फक्त पाच दिवस देतात. स्त्री-संप्रेरक थोडे उतरते, पोषग्रंथी जागी होते आणि पुटक वाढवणारा संदेश जोरात पाठवते. २०१४ साली अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के आणि जुने औषध क्लोमिफेन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले. एकच रसायन, मात्रा आणि काळ बदलला की उंदरात आजार घडवते आणि स्त्रीत उपचार करते. 'अमुक वनस्पतीतले अमुक द्रव्य चांगले' असे मोघम विधान किती पोकळ असते, हे समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

कोरफडीचा दावा या उंदरांपासूनच आला आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली लेट्रोझोल दिलेल्या उंदरांवर कोरफडीच्या गराचा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांचे ऋतुचक्र पूर्वपदावर आले, संप्रेरके तयार करणाऱ्या विकरांचे कामही सुधारले. प्रयोग म्हणून त्यात वावगे काही नाही. पुढे पाऊल टाकावे की नाही, हे ठरवायला असे प्रयोग लागतातच. पण ते पहिले पाऊल आहे. आम्ही निबंधाच्या शेवटी लिहितो, 'हे द्रव्य कदाचित उपयोगी ठरू शकेल.' डबीपर्यंत पोचताना 'कदाचित' गळते, 'ठरू शकेल'चे 'ठरले आहे' होते, आणि उंदीर तर कुठे दिसतच नाही. यात दोष केवळ विकणाऱ्याचा नाही. मथळ्यात 'उंदीर' हा शब्द न घालता निबंध छापणारे आम्हीही त्यात आहोत.

मात्रेचा हिशेब तर कोणी करतच नाही. आठवी-नववीच्या मुलांना जमेल असा आहे, करून पाहा. समजा, एका प्रयोगात उंदराला वजनाच्या दर किलोला २०० मिलिग्रॅम अर्क दिला. लहान प्राण्याचा चयापचय जलद, म्हणून माणसासाठी हा आकडा सुमारे सहाने भागतात. दर किलोला जवळजवळ ३३ मिलिग्रॅम झाले. ५५ किलोच्या मुलीला दिवसाला सुमारे १८०० मिलिग्रॅम अर्क लागेल. शंभर ग्रॅम वाळक्या पाल्यातून दहा ग्रॅम अर्क निघतो असे धरले, तर रोज १८ ग्रॅम वाळका पाला. आमच्या डबीतल्या एका गोळीचे सारे वजन ५०० मिलिग्रॅम, आणि त्यात सहा वनस्पती. समान वाटणी धरली तरी प्रत्येकीच्या वाट्याला ८३ मिलिग्रॅम. दिवसाला दोन गोळ्या घ्यायच्या. म्हणजे ज्या मात्रेत उंदराला गुण आला तिच्या दहाव्या हिश्श्याइतकीही मात्रा मुलीच्या पोटात जात नाही.

तुलना कोणाशी?

माणसांवर प्रयोग झालेच नाहीत असे नाही. मेथीच्या अर्काचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पीसीओएस असलेल्या ५० स्त्रियांना ९० दिवस अर्क दिला. बऱ्याच जणींच्या पाळीत आणि सोनोग्राफीत सुधारणा दिसली. वाचताना आनंद होतो, आणि मग लक्षात येते की अर्क न घेणारा दुसरा गटच या अभ्यासात नव्हता.

दुसरा गट कशाला हवा, हे शिक्षकांना मी वेगळे सांगायला नको. घटक चाचणीत वर्गातल्या ज्या दहा मुलांना सर्वांत कमी गुण पडले त्यांना बोलावून रागवा. पुढच्या चाचणीत त्यांतल्या बहुतेकांचे गुण वाढलेले दिसतील. न रागवताही वाढले असते, कारण पहिल्या वेळी कोणाला ताप होता, कोणाचा दिवसच वाईट गेला होता. श्रेय मात्र रागवण्याला मिळते. पाळीचे तसेच आहे. अनियमित पाळी म्हणजे कधी ३२ दिवस, कधी ७०. बाई औषध केव्हा सुरू करते? सत्तराव्या दिवशी, धीर सुटल्यावर. त्यानंतर पाळी येणारच असते. शिवाय अभ्यासात नाव घातले की माणूस जेवणाखाण्याकडे लक्ष देतो, चालायला लागतो, दोन किलो वजन उतरते. पीसीओएसमध्ये वजन थोडे उतरले तरी पाळी सुधारू शकते. हे सारे औषधाच्या खात्यावर जमा होते. म्हणून चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एका गटाला औषध आणि दुसऱ्याला दिसायला हुबेहूब तशीच पण औषध नसलेली गोळी द्यायची, आणि कोणाला काय दिले हे मोजणाऱ्यालाही कळू द्यायचे नाही.

असे केले की काय होते, याचे उत्तम उदाहरण आपल्या कोकमाच्या घराण्यातलेच आहे. १९६५ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस आणि नीलकांतन यांनी केरळात आमटीत घालतात त्या कुडमपुळीच्या फळातले मुख्य आम्ल ओळखले : हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल. कोकम हे कुडमपुळीचे भावंड, दोन्ही गार्सिनिया प्रजातीतली, आणि हे आम्ल दोन्हींच्या सालीत भरपूर. पिष्टमय पदार्थांपासून चरबी बनवण्याच्या साखळीतले एक विकर हे आम्ल अडवते. परीक्षानळीत अडवले, उंदरांचे वजन घटले, आणि पाहता पाहता जगभर 'गार्सिनिया'च्या गोळ्यांचा बाजार उभा राहिला. पीसीओएसच्या डबीत कोकम शिरले ते याच वाटेने : वजन उतरेल, मग पाळी येईल.

१९९८ साली न्यूयॉर्कमध्ये १३५ स्थूल माणसांवर बारा आठवडे चाचणी झाली. सर्वांना सारखाच कमी उष्मांकांचा आहार. एका गटाला रोज १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल, दुसऱ्याला नकली गोळी. आम्ल घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले. नकली गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलो! हा फरक योगायोगाने पडू शकेल इतकाच होता, म्हणून नकली गोळी अधिक चांगली असे म्हणता येत नाही. पण आम्लाचा उपयोग झाला असेही म्हणता येत नाही. आता असे समजा की दुसरा गट ठेवलाच नसता. 'बारा आठवड्यांत ३.२ किलो वजन घटले, शास्त्रीय संशोधनाने सिद्ध' हे वाक्य अक्षरशः खरे ठरले असते आणि आज डबीवर छापलेले असते. उंदरात चालले आणि माणसात का नाही, याचे एक संभाव्य कारण असे की नेहमीच्या आहारात माणूस पिष्टापासून फारशी चरबी बनवतच नाही, तो खाल्लेलीच चरबी साठवतो. जे दार फारसे वापरातच नाही ते बंद करून काय मिळणार?

यावरून कोकमाबद्दल कोणी गैरसमज करून घेऊ नये. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे ते त्याच्या गुणांमुळेच. सोलकढी मी भुरकून पिते, आणि तिने माझ्या चरबीचे काही करावे अशी माझी अपेक्षा नसते.

पुदिना आणि दालचिनी यांच्यावर मात्र तुलनेचा गट ठेवून चाचण्या झाल्या आहेत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत ४२ स्त्रियांना तीस दिवस दिवसातून दोनदा पुदिन्याचा किंवा दुसऱ्या पाल्याचा चहा दिला. पुदिन्याच्या गटात पौरुष संप्रेरक उतरले, परंतु तपासणाऱ्याने मोजलेली अंगावरची लव कमी झाली नाही. महिनाभरात ती कमी होणे शक्यही नव्हते, केसाचे चक्र त्याहून लांब असते. दालचिनीच्या २०१४ सालच्या अमेरिकन चाचणीत रोज दीड ग्रॅम दालचिनी सहा महिने दिली. पाळ्या अधिक वेळा आल्या, संप्रेरके आणि इन्सुलिनचे माप बदलले नाही. ४५ जणी सुरुवातीला होत्या, सहा महिने पूर्ण करणाऱ्या जेमतेम १७. या दोन्हींचा अर्थ 'मोठी चाचणी करून पाहण्यासारखे' एवढाच लावता येतो. दालचिनीबाबत आणखी एक अडचण आहे. कोकणात लावतात ती कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही जात खऱ्या, म्हणजे श्रीलंकेच्या दालचिनीची. बाजारात दालचिनी म्हणून पुष्कळदा जाड सालीची चिनी कॅशिया मिळते, तिच्यात यकृताला त्रासदायक ठरू शकणारे कूमारिन बरेच जास्त असते. डबीत कोणती आहे ते लिहिलेले नाही.

दारुहळदीची खरी परीक्षा

सहांपैकी जिची खऱ्या अर्थाने कसून परीक्षा झाली ती दारुहळद, म्हणजे तिच्यातले बर्बेरीन हे पिवळे अल्कलॉइड. ते इन्सुलिनचा परिणाम सुधारते असे अनेक प्रयोगांत दिसले होते. चीनमध्ये १९ ठिकाणी मिळून ६४४ स्त्रियांवर चाचणी झाली आणि २०१६ साली प्रसिद्ध झाली. मोजले काय, तर रक्तातले आकडे नव्हेत, मूल झाले की नाही. एका गटाला लेट्रोझोल, दुसऱ्याला बर्बेरीन, तिसऱ्याला दोन्ही. मूल झालेल्यांचे प्रमाण लेट्रोझोलच्या गटात ३६ टक्के, बर्बेरीनच्या गटात २२ टक्के आणि दोन्ही घेणाऱ्यांत ३४ टक्के. बर्बेरीन एकटे कमी पडले आणि जोडीला घेऊनही भर पडली नाही. २२ टक्के हा आकडाही जपून वाचायला हवा, कारण कोणतेच औषध न घेणारा गट या चाचणीत नव्हता. काहीच न घेता किती जणींना मूल झाले असते ते यातून कळत नाही. तरीही मी या चाचणीला मानते. वनस्पतिज द्रव्याला मुख्य औषधासमोर उभे करून बरोबरीने प्रश्न विचारण्याची हिंमत तिने दाखवली. डबीवर मात्र बर्बेरीनची कीर्ती आहे, ही चाचणी नाही.

बर्बेरीन आपल्या किनाऱ्यावरही उगवते, पण त्याची संगत पाहा. रस्त्याकडेला पिवळ्या फुलांचा, काटेरी पानांचा पिवळा धोत्रा आपण पाहतो. त्यात बर्बेरीन असते आणि सँग्विनारीन हे विषही असते. याच्या बियांची मोहरीच्या तेलात भेसळ झाली की अंगावर सूज येऊन माणसे दगावतात. १९९८ साली दिल्लीत अशी साथ येऊन साठाहून अधिक माणसे मेली. एका झाडात दोन अल्कलॉइडे शेजारी नांदत असतात, 'नैसर्गिक' हा शब्द दोघांनाही सारखाच लागू पडतो. शिवाय शुद्ध बर्बेरीनही गरोदरपणात टाळायचे असते, त्याने नवजात बाळाची कावीळ वाढण्याची भीती असते. आणि पाळीचा नेम नसलेल्या विवाहित स्त्रीला दिवस राहिल्याचे कळायला उशीरच होतो.

गुळवेलीची कहाणी तर आपल्या मुंबईचीच. के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर चिकाटीने काम केले. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या ३० रुग्णांवर, शस्त्रक्रियेआधी गुळवेल देऊन आणि न देऊन, त्यांनी तुलना केली आणि १९९३ साली आशादायक निष्कर्ष मांडले. वनस्पतीला मोजूनमापून प्रश्न कसा विचारावा याचा तो वस्तुपाठ होता. त्यानंतर २०२० साली कोरोनाच्या भीतीने घरोघर गुळवेलीचे काढे सुरू झाले. मात्रा नाही, मुदत नाही. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी असा काढा किंवा गोळ्या घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ही गुळवेलीची दुसरी जात असावी. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद आली. काहींना, विशेषतः ज्यांच्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटण्याची मुळात प्रवृत्ती होती त्यांना, ही वेल बाधते असे दिसते. यकृताच्या आजारात आशा दाखवणारी वेल आणि यकृताला सूज आणणारी वेल एकच. रुग्ण कोण, मात्रा किती, किती दिवस आणि लक्ष ठेवायला कोण होते, एवढाच फरक.

वनस्पतीतूनच आलेली दोन औषधे

इतके वाचून कोणाला वाटेल की मी वनस्पतींच्या विरुद्ध आहे. तसे असते तर पीसीओएसच्या आजच्या उपचारांतले दोन मोठे आधार मला नाकारावे लागले असते.

पहिले मेटफॉर्मिन. युरोपात 'गॅलेगा ऑफिसिनॅलिस' नावाचे जांभळट फुलांचे शेंगवर्गीय झुडूप आहे. त्यात गॅलेगिन हे ग्वानिडिन गटातले द्रव्य असते. ते रक्तशर्करा उतरवते, पण विषारी. १९२२ साली डब्लिनमध्ये वर्नर आणि बेल यांनी त्याच गटातले मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत बनवले. ते कपाटात पडून राहिले, आणि १९५७ साली पॅरिसच्या ज्याँ स्टेर्न यांनी मधुमेहाच्या रुग्णांवर त्याचा उपयोग दाखवला. पीसीओएससाठी ते वापरून पाहिल्याचा व्हेनेझुएलातील निबंध १९९४ सालचा. मग गाजावाजा झाला की याने मूलही होते. २००७ साली ६२६ स्त्रियांच्या चाचणीत क्लोमिफेनने २२.५ टक्के तर मेटफॉर्मिनने ७.२ टक्के स्त्रियांना मूल झाल्याचे दिसले. मेटफॉर्मिन आपल्या योग्य जागी, म्हणजे इन्सुलिनचे काम सुधारण्यासाठी, राहिले. कसोटी सर्वांना सारखी लागते ती अशी.

दुसरे म्हणजे पाळी नियमित करणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्या. आपण थंडीत उकडून खातो त्या करांद्यांच्याच डायोस्कोरिया प्रजातीतले कंद मेक्सिकोच्या जंगलात होतात. रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४०च्या सुमारास त्यांतल्या डायोसजेनिनपासून प्रोजेस्टेरॉन बनवले, आणि १९५१ साली मेक्सिको शहरात त्याच वाटेने नॉरएथिस्टेरॉन तयार झाले. म्हणून काही जण सांगतात, कंद खा, प्रोजेस्टेरॉन मिळेल. मेथीतही डायोसजेनिन असते, तेव्हा तोच सल्ला मेथीबद्दलही ऐकू येतो. पण डायोसजेनिनचे प्रोजेस्टेरॉन करणाऱ्या पायऱ्या मार्करने भांड्यांत, रसायने घालून केल्या. ते करणारी विकरे आपल्या शरीरात नाहीत. करांदे पोटभर खाल्ले तरी करांदेच पचतात.

कायद्याचेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिरात) कायदा १९५४ सालचा आहे. स्त्रियांच्या पाळीतील बिघाड दुरुस्त करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात त्याच्या तिसऱ्या कलमाने मनाई केलेली आहे. सत्तर वर्षांपूर्वी हा कायदा करणाऱ्यांना पीसीओएस हे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मुलीच्या पाळीविषयी घरात उघड बोलणे होत नाही आणि त्या गप्प राहण्यावर कोणीतरी धंदा करतो, हे मात्र त्यांना चांगलेच ठाऊक असावे.

भाचीला मी डबी बाजूला ठेवायला सांगितले आणि ताईला म्हटले, तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. त्यांनी वजन, रक्तदाब, रक्तातले लोह आणि थायरॉइड पाहिले, लव आणि मुरमांची चौकशी केली, आणि सध्या औषध काही नको, सहा महिने तारखा लिहून ठेव म्हणून सांगितले. पाळी ९० दिवसांवर गेली तर मात्र लगेच यायचे. दिवाळीत गेले तेव्हा तिने भिंतीवरच्या कालनिर्णयावरच्या खुणा दाखवल्या : ३८ दिवस, ४४, ३५, ४१. ताईने पूर्वी अशा खुणा दाराआड केलेल्या मला आठवतात, या सर्वांना दिसतील अशा होत्या.

डबी फळीवर तशीच होती. तिच्यावरच्या पत्त्यावर भाचीने जूनमध्ये एक पोस्टकार्ड टाकले होते. प्रत्येक वनस्पती किती मिलिग्रॅम आहे, कोणता भाग वापरला आहे, आणि संशोधन कोणावर व कोणाशी तुलना करून केले, असे तीन प्रश्न तिने विचारले होते. उत्तर अजून आलेले नाही.